भुरी काही बोलेना

एका परसात एक खुराडं. खुराड्यात एक कोंबडी, तिचं नाव भुरी. भुरीच्या पंखाखाली एक पिल्लू, तिचं नाव कणी.

कणी केवढी? एवढीशी! मुठीत मावेल एवढी. पिवळी पिवळी, मऊ मऊ. पाय काडीसारखे. चालायची कशी? तुरुतुरु तुरुतुरु.

रोज सकाळी भुरी म्हणायची, "क्वाक क्वाक क्वाक!" कणी म्हणायची, "चिंव!" मग दोघी माती उकरायच्या. खर्र खर्र. खर्र खर्र. कणी दमली की भुरी पंख उचलायची. कणी आत शिरायची. आत कसं? ऊब ऊब.

त्या घरात नुकतंच लग्न झालं होतं. ढोल वाजले, ढम ढम ढम! पाहुणे आले. पाहुणे जेवले. पाहुणे गेले. दारात मांडव राहिला आणि घरात नवी वहिनी राहिली.

अंगणभर अक्षता सांडल्या होत्या. नवरानवरीच्या डोक्यावर टाकतात ना, ते रंगीत तांदूळ. तानूआत्या म्हणजे या घरची मालकीण, नवऱ्या मुलाची आई. ती म्हणाली, "अक्षता पायाखाली यायला नकोत गं बाई!" तिनं सगळ्या अक्षता झाडल्या. सुपात भरल्या. आणि परसात ओतल्या. सर्रर्र! भुरीच्या अगदी पुढ्यात.

भुरीला काय, लग्नाचं जेवणच मिळालं! टक टक टक, दाणे टिपले. टक टक टक, आणखी टिपले.

"आई, मला?"

"तुला मोठे होतात हे. तू आपली अळी खा."

टक टक टक. सूपभर अक्षता फस्त. मग भुरी पाणी प्यायली. चोच खाली, मान वर. चोच खाली, मान वर. गट गट गट!

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. पण 'क्वाक' काही झालं नाही.

"आई, चिंव!"

भुरी गप्प.

"आई, ऊठ ना! माती उकरू!"

भुरी गप्प. पिसं फुगवून बसलेली. लाल लाल तुरा फिक्का पडलेला. आणि गळ्याखाली हा गोळा! लिंबाएवढा.

कणी पंखाखाली शिरायला गेली. पंख उचललाच नाही. कणीनं डोकं घातलं. जाईना. शेपटीकडून घुसून पाहिलं. जमेना.

"माझ्या आईचा आवाज हरवला!" कणी ओरडली. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तानूआत्या परसातच बाजल्यावर, म्हणजे खाटेवर बसली होती. पाय लांब करून. वरातीत नाचली होती ना, पाय सुजले होते टम्म!

कणी म्हणाली,
"तानूआत्या, तानूआत्या,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

तानूआत्यानं बसल्या जागेवरून मान लांब केली. "अगं बाई, अगं बाई! गळ्याखाली गोळा आलाय की! अक्षता खाल्ल्यान्, वर पाणी प्याली. तांदूळ फुगले. मीच ओतल्या गं, मलाच कसं सुचलं नाही!"

"आता काय करायचं?"

"कोमट तेल पाजायचं. गळा चोळायचा. गोळा सुटतो."

"मग पाज ना!"

"पाजीन की. पण तेल कोमट व्हायला नको? चूल पेटली की तेल देईन."

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

न्हाणीजवळ एक चूल होती. काळी काळी, थंडगार. गाल फुगवून बसलेली.

कणी म्हणाली,
"चुली चुली, पेट ना!
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

चूल म्हणाली, "हं! आता आली माझी आठवण? लग्नात कोण पेटलं? ते मोठं चुलाण पेटलं. मला कुणी फुंकर तरी घातली का?"

"मी घालते. फूऽ!"

कणीची ती फुंकर केवढी! राखेचा एक कण हलला. चुलीला हसू आलं. "राहू दे गं. पेटते मी. पण माझं पोट रिकामं. मला गोवरी हवी. आणि गोवऱ्यांच्या ढिगावर मनी झोपलीय. कुणी हात लावला की बोचकारते. मनी उठली की पेटेन."

कणीनं मागं पाहिलं. भुरीची मान खाली आली होती. जराशी.

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गोवऱ्यांचा ढीग. ढिगावर मनी मांजर. मिशा हलतायत, शेपूट लोंबतंय. घुर्रर्र घुर्रर्र.

मांजर म्हटलं की कणीचे पाय लटलट लटलट! पण पळाली नाही हं. डोळे मिटून घेतले आणि म्हणाली,
"मने मने, ऊठ ना!
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

मनीनं एक डोळा उघडला. "म्यांव. कोण आहे? खाऊ का?"

"मला खाऊन तुझं पोट भरायचं नाही. दातात अडकेन फक्त."

"तेही खरंच," मनी म्हणाली. "लग्नात बासुंदी झाली. सगळ्यांनी ओरपली. मला काय मिळालं? वास! उपाशीपोटी माझ्यानं उठवत नाही बाई. दूध मिळालं की उठेन."

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मांजरापासून जरा जास्तच तुरुतुरु!

खुंट्याला ढवळी शेळी बांधलेली. दाढी हलवत, नुसतंच तोंड हलवत. कचर कचर.

कणी म्हणाली,
"ढवळे ढवळे, दूध दे ना!
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

"बेंऽऽ!" ढवळी म्हणाली. "दूध देईन, पण खाऊ काय? होता नव्हता तो पाला मांडवाला बांधला. आता मला सांग, मांडवाला पाला खाता येतो का?"

"नाही येत."

"मला येतो! पण बांधला कुणाला? मांडवाला! शेवग्याचा पाला मिळाला की दूध देईन."

कणीनं मागं पाहिलं. भुरीची मान आणखी खाली. चोच छातीला टेकली होती.

"आई, थांब गं! आलेच मी!"

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

शेवगा उंच. किती उंच? कणीनं वर पाहिलं. आणखी वर पाहिलं. आणखी वर पाहायला गेली, आणि धप्प! पाठीवर पडली. पडल्या पडल्याच म्हणाली,
"शेवग्या शेवग्या, पाला पाड ना!
ढवळी दूध देईना,
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

शेवगा कुरकुरला. कुर्र कुर्र. "पाडला असता गं. पण लग्नाच्या गडबडीत मला कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. पाहुण्यांना सरबत! मला काय? ऊन! माझ्या फांद्या बघ कशा ताठल्यात. वाकतच नाहीत. पाणी मिळालं की पाला पाडेन."

कणी उठली. पिसं झटकली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

परसाच्या कोपऱ्यात विहीर. खोऽल खोऽल. वर रहाट, रहाटाला दोर, दोराला पोहरा. म्हणजे पाणी काढायची बादलीच. कणी टुणकन उडी मारून काठावर बसली. आत वाकली. जपून हं!

"विहिरी विहिरी, पाणी दे ना!
शेवगा पाला पाडेना,
ढवळी दूध देईना,
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

आतून आवाज आला, "कुठं... कुठं... कुठं..."

"मीच तुला विचारतेय ना!"

"देईन गं पाणी... पाणी... पाणी... पण दोर कोण ओढणार... णार... णार?"

"तानूआत्या?"

"तिचे पाय सुजलेत... लेत... लेत."

"कुंदाताई?"

कुंदाताई म्हणजे तानूआत्याची मुलगी. लग्नासाठी सासरहून आलेली.

"ती म्हणते, मी माहेरपणाला आलेय... आलेय... मी नाही ओढत... ढत... ढत. नव्या वहिनीला आण. तिनं दोर ओढला की पाणी देईन... ईन... ईन."

कणीनं मागं पाहिलं. भुरीचे डोळे मिटले होते. खालून वर मिटतात ना कोंबडीचे डोळे, तसे. हळूहळू.

कणी पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

घराचं मागचं दार. दारात उंबरा. उंबऱ्याच्या आत नवी वहिनी. हिरवी साडी, हिरवा चुडा. तिचं नाव रेवती. रेवतीवहिनी फार कमी बोलायची. या घरात आल्यापासून काय काय बोलली? "हो." "नको." आणि "चालेल." संपलं!

कणी म्हणाली,
"वहिनी वहिनी, बाहेर ये ना!
विहीर पाणी देईना,
शेवगा पाला पाडेना,
ढवळी दूध देईना,
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

रेवतीवहिनी खाली वाकली. आणि बोलली. इतकं हळू, इतकं हळू, की कणीला एका पायावर उभं राहून ऐकावं लागलं.

"मी मघापासून तुलाच बघतेय गं. येते म्हणते, पण कशी येऊ? दारात कुंदावन्सं उभ्या आहेत. त्या हटल्या की येईन."

दारात कुंदाताई उभी होती खरी. एका हातात लाडू. दुसरा हात चौकटीला आडवा. दार केवढं, कुंदाताई तेवढी! खालून डोकावता येईल, पण बाहेर पडायला जागा नाही.

कणी म्हणाली,
"कुंदाताई, हट ना!
वहिनी बाहेर येईना,
विहीर पाणी देईना,
शेवगा पाला पाडेना,
ढवळी दूध देईना,
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठं?"

कुंदाताईनं लाडू खाल्ला. मच मच. "नाही हटणार! वैनीनं नाव घेतलं की हटेन."

नाव घ्यायचं म्हणजे काय माहितीय? नव्या नवरीनं नवऱ्याचं नाव सांगायचं. नुसतं नाही सांगायचं, गाण्यासारखं जुळवून सांगायचं. आणि मोठ्यानं! सगळ्यांनी ऐकायचं, मग हसायचं, मग वाट सोडायची.

"पुढच्या दारी घेतलं की वन्सं," रेवतीवहिनी कुजबुजली.

"घेतलंस! पण ऐकलं कुणी? मी नाही ऐकलं, आईनं नाही ऐकलं. दादानं तर मुळीच नाही, तो शेजारी उभा असून! आता मागच्या दारी घ्यायचं. खणखणीत!"

"पण ती कोंबडी आजारी..."

"झालं सुरू! परवा म्हणे घसा बसला. काल म्हणे सुचत नाही. आज काय, तर कोंबडी! मी नाही ऐकायची."

आता आली का पंचाईत!

वहिनी बाहेर आली की विहीर पाणी देणार. कुंदाताई हटली की वहिनी बाहेर येणार. वहिनीनं नाव घेतलं की कुंदाताई हटणार. आणि वहिनीच्या तोंडून तर शब्द फुटेना!

आता कणीनं जायचं कुणाकडं? इकडं पाहिलं. कुणी उरलं नाही. तिकडं पाहिलं. कुणीच उरलं नाही.

मागं पाहिलं.

भुरीची मान मातीला टेकली होती.

कणीनं छोटी छोटी छाती फुगवली. चोच उघडली, जेवढी उघडेल तेवढी. आणि ओरडली,
"चिंऽऽऽव!
कुंदाताई हटेना,
वहिनी बाहेर येईना,
विहीर पाणी देईना,
शेवगा पाला पाडेना,
ढवळी दूध देईना,
मनी काही उठेना,
चूल काही पेटेना,
तानूआत्या तेल देईना,
आई माझी बोलेना.
मग मी शिरू कुठंऽऽऽ?"

ढवळीचं तोंड हलायचं थांबलं. मनीनं दुसराही डोळा उघडला. शेवग्याचं एक पान गळलं, तेही आवाज न करता.

रेवतीवहिनीनं भुरीकडं पाहिलं. मातीला टेकलेली मान पाहिली. पदर खोचला. बांगड्या वर सारल्या. मोठ्ठा श्वास घेतला. आणि,

"परसात रडते कणी, भुरीचा अडला गळा,
संपतरावांचं नाव घेते, वन्सं, रस्ता करा मोकळा!"

बाप रे! केवढा आवाज! पत्रा थरथरला. कावळे उडाले, का का का! विहिरीतून आवाज परत आला, "मोकळा... कळा... ळा!" तिकडं लांब शेतात संपतराव कोबी काढत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओऽऽ! आलो!"

कुंदाताईच्या हातातला लाडू टुपकन खाली पडला.

"अगं वैनी! एवढा आवाज आहे तुला? आणि ठेवला होतास कुठं?"

"वन्सं, आधी हटा!"

"हटले! हटले!" आणि कुंदाताई हटली.

मग काय विचारता!

वहिनी बाहेर आली, धाड धाड धाड! उंबरा कधी ओलांडला, तिचं तिलाच कळलं नाही.

दोर ओढला, खड खड खड! पोहरा वर आला, डुचमळ डुचमळ. विहिरीनं पाणी दिलं.

"आण ती कळशी इकडं!" कुंदाताई म्हणाली. "माहेरपण राहू दे बाजूला!" पाणी शेवग्याच्या मुळाशी ओतलं. भळ भळ भळ! शेवगा प्यायला. फांदी वाकली, कुर्रर्र, आणि शेवग्यानं पाला पाडला. सळ सळ सळ!

पाला ढवळीनं खाल्ला. कचर कचर कचर! "बेंऽऽ! आता घ्या!" कुंदाताईनं धार काढली. स्सुर्र स्सुर्र स्सुर्र! ढवळीनं दूध दिलं.

दूध मनीनं चाटलं. लप लप लप! मिशा पुसल्या. अंग ताणलं, लांबच लांब. आणि मनी उठली.

मनी उठली तशी वहिनीनं गोवरी उचलली. मोडली, कडाक! चुलीत घातली. फूऽ! फूऽ! आधी धूर. मग ठिणगी. मग भक्क! चूल पेटली.

"आता कशी!" चूल म्हणाली. गाल लाल लाल झाले तिचे.

पळीत तेल घातलं. पळी चुलीवर धरली. नुसतं कोमट हं, कढत नाही. तानूआत्यानं बोट बुडवून पाहिलं. "झालं! आण गं सूनबाई, भुरीला माझ्या मांडीवर. हळू. पंख आवळून धर. घाबरते ती."

वहिनीनं भुरीला उचललं. भुरीनं डोळेही उघडले नाहीत.

"चोच उघड जरा. अस्सं! पट्टीची आहेस की! माहेरी कोंबड्या होत्या वाटतं?"

"खूप!" वहिनी म्हणाली.

एक थेंब तेल. टुप. आणखी एक थेंब. टुप. तानूआत्या गळा चोळू लागली. हळूहळू. गोल गोल. गोल गोल.

काही झालं नाही.

आणखी एक थेंब. टुप. गोल गोल. गोल गोल.

काहीच झालं नाही.

कुंदाताई जवळ येऊन वाकली. कणी बाजल्याच्या पायाशी उभी होती. डोळे आईवर. "आई?"

गोल गोल. गोल गोल.

गुड.

"ऐकलंत?" वहिनी म्हणाली.

गुड गुड.

"हलला!" तानूआत्या ओरडली. "गोळा हलला!"

गुड गुड गुड... गुळुक!

लिंबाएवढा गोळा सुपारीएवढा झाला. सुपारीचा वाटाण्याएवढा. मग दिसेचना! भुरीचा एक डोळा उघडला. दुसरा उघडला. मान वर आली. जराशी. आणखी जराशी. चोच हलली.

"क्व..."

सगळे गप्प.

"क्वा..."

सगळे आणखी गप्प.

"क्वाक क्वाक क्वाक!"

"बोलली! बोलली! बोलली!" कुंदाताई नाचली. तानूआत्याही नाचायला उठली. "आई गं, पाय!" म्हणाली आणि परत बसली. "आज हिला एक दाणा घालायचा नाही हं. नुसतं पाणी. आणि परसात मी पुन्हा काही ओतायला निघाले, तर मला विचारा, अगं बाई, भुरी कुठंय?"

तेवढ्यात संपतराव धापा टाकत आले. हातात कोबीचा गड्डा तसाच. "कुणी हाक मारली मला?"

तानूआत्यानं पदर तोंडाला लावला. कुंदाताईनं नवा लाडू तोंडात कोंबला.

"मी मारली," रेवतीवहिनी म्हणाली. चांगली मोठ्यानं. "ऐकू आलं ना?"

"वेशीपर्यंत आलं असेल!" संपतराव म्हणाले. आणि हसले. आणि तो कोबीचा गड्डा वहिनीच्या हातात देऊन, का आलो होतो तेच विसरून, परत शेतात गेले.

भुरी मांडीवरून खाली उतरली. धप्प. तिनं सगळ्यांकडं पाहिलं. मनीकडं तर दोनदा पाहिलं.

"ही एवढी गर्दी कशाला माझ्या परसात? क्वाक! आणि कणी कुठंय? कणे! अगं, पायांची काय दशा ही! राख काय, माती काय, चिखल काय! सकाळपासून कुठं भटकत होतीस?"

कणीनं सांगायला चोच उघडली,
"आई, कुंदाताई हटेना,
वहिनी बाहेर येईना,
विहीर पाणी..."

"बरं बरं, मग सांग," भुरी म्हणाली. "आधी इकडं ये."

आणि भुरीनं पंख उचलला. फडक!

कणी शिरली कुठं?

तिथंच शिरली! राखेच्या पायांनी, मातीच्या पाठीनं, भसकन आत. ऊब ऊब. बाहेर राहिली नुसती चोच. मग चोचही आत गेली.

भुरी निजली खुराड्यात, कणी तिच्या पंखात,
आणि आमचं बाळ शिरलं आईच्या कुशीत!